एपिसोड ४१ (लिखित): दुखापत झाली तरी कॅलेंडर थांबत नाही. सुमित नागल आणि तीन सरकत्या खिडक्या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे एपिसोडचा लिखित भाग. बोलताना येणारे "म्हणजे", "तर" बरेचसे काढलेत, सगळे निघाले नाहीत. सांभाळून घ्या.

या वेळचा विषय एका मेलमधून आला. नाशिकहून एका श्रोत्यांनी लिहिलंय. त्यांची मुलगी १५ वर्षांची आहे, टेनिस खेळते आणि गेले दोन महिने तिचं मनगट दुखतंय. फिजिओ म्हणतात सहा आठवडे रॅकेटला हात लावायचा नाही. कोच म्हणतात आत्ता थांबलात तर रँकिंग जाईल, पुढच्या स्पर्धांना एंट्रीच मिळणार नाही. वडिलांनी शेवटी लिहिलंय: "तुम्ही इंजिनिअर लोक सगळ्याचं गणित मांडता ना, मग याचं मांडून दाखवा."

आता मी डॉक्टर नाही, कोचही नाही. दिवसभर सर्व्हरचे लॉग बघणारा माणूस आहे. पण टेनिस लहानपणापासून फॉलो करतो, आणि मेल वाचल्यावर पहिलं नाव आठवलं ते सुमित नागलचं. कारण हाच प्रश्न त्याला पडला होता, फक्त खूप मोठ्या रकमेचा.

आधी गोष्ट

सुमित नागल, हरियाणातल्या झज्जरचा, जन्म १९९७. २०१९ च्या यूएस ओपनमध्ये पात्रता फेरीतून आला आणि पहिल्याच सामन्यात रॉजर फेडररकडून पहिला सेट जिंकला. सामना हरला, पण त्या रात्री भारतात बऱ्याच लोकांना त्याचं नाव कळलं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला एक सामना जिंकला. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं.

जानेवारी २०२३ मध्ये तो पुण्यात बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्र खेळायला आला, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. वाइल्ड कार्डवर खेळत होता, कारण त्याची क्रमवारी तेव्हा पाचशेच्या पलीकडे होती. त्याने सर्बियाच्या फिलिप क्रायिनोविचला तीन सेटपर्यंत खेचलं आणि हरला. माझ्या शेजारी बसलेले एक काका म्हणाले, "एवढा चांगला खेळतो, मग पाचशेवा कसा?"

आजचा एपिसोड म्हणजे त्या काकांना दिलेलं उशिराचं उत्तर आहे.

पहिली खिडकी: ५२ आठवडे

टेनिसची क्रमवारी म्हणजे आयुष्यभराची कमाई नव्हे. ती मागच्या ५२ आठवड्यांची बेरीज असते, आणि त्यातलेही ठरावीक संख्येचे सर्वोत्तम निकाल धरतात. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल, हा सरळ स्लायडिंग विंडोचा प्रकार आहे. दर सोमवारी खिडकी एक आठवडा पुढे सरकते. नवे गुण आत येतात, बरोबर एक वर्षापूर्वीचे बाहेर पडतात.

याचा अर्थ काय? तुम्ही बेडवर पडून आहात, खुब्याला टाके आहेत, तरी खिडकी सरकतेच आहे. दर सोमवारी काहीतरी बाहेर पडतंय आणि आत काहीच येत नाहीये. वर्षभर खेळलाच नाहीत तर बेरीज शून्य.

बरं, ही घसरण सगळ्यांना सारखी लागत नाही. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला २००० गुण, तिथेच पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १०. चॅलेंजर नावाची जी खालची पायरी आहे, तिथे विजेत्याला साधारण ५० ते १७५. म्हणजे वरच्या लोकांकडे गुणांचे ढीग असतात आणि एकमेकांत अंतरही मोठं असतं. खाली सगळे दाटीवाटीने उभे असतात. शंभरच्या खाली थोडे गुण गेले तरी एकदम कितीतरी लोक तुमच्या पुढे जातात.

आता फेडररचं उदाहरण घ्या. २०१६ च्या ऑस्ट्रेलियन ओपननंतर मुलींच्या आंघोळीचं पाणी काढताना त्याचा गुडघा दुखावला आणि ऑपरेशन झालं. मध्ये थोडा खेळला, विम्बल्डनची सेमीफायनल हरला आणि मग त्याने जाहीर केलं की यंदा आता खेळणार नाही. रिओ ऑलिंपिकही सोडलं. सहा महिने बाहेर. क्रमवारी कुठे गेली? सतराव्या नंबरच्या आसपास. पुढच्याच जानेवारीत, वयाच्या ३५ व्या वर्षी, त्याने सतरावं मानांकन घेऊन ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं, फायनलला नदालला पाच सेटमध्ये हरवून. मग अख्खा क्ले सीझन गाळला आणि विम्बल्डन एकही सेट न गमावता जिंकलं.

हे उदाहरण "विश्रांतीचं महत्त्व" म्हणून नेहमी सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण अर्धंच. सतराव्या नंबरवर घसरलेल्या माणसाला जगातल्या कुठल्याही स्पर्धेत थेट प्रवेश असतो. पाचशेव्या नंबरवर घसरलेल्याला कुठेच नसतो. ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत १२८ जागा असतात. त्यातल्या १०४ थेट क्रमवारीवरून, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्ड. पाचशेवा माणूस पात्रता फेरीच्या यादीतही बसत नाही.

म्हणजे दोघेही विश्रांतीसाठी थांबले, पण एकाला परत यायला दार उघडं होतं आणि दुसऱ्याला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहावं लागलं.

मग दुखापतग्रस्तांसाठी नियम नाही का?

आहे. त्याला प्रोटेक्टेड रँकिंग म्हणतात. नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण याच नियमात सगळी गोम आहे.

पुरुषांच्या टूरवर, म्हणजे एटीपीमध्ये, खेळाडू दुखापतीमुळे किमान सहा महिने कुठलीही स्पर्धा खेळला नसेल तर तो अर्ज करू शकतो. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याची जी सरासरी क्रमवारी होती, ती त्याला "गोठवून" मिळते. ती वापरून त्याला स्पर्धांमध्ये प्रवेश मिळतो. मानांकन मात्र मिळत नाही, म्हणजे पहिल्याच फेरीत समोर जोकोविच येऊ शकतो. शिवाय ती कायमची नसते. सहा ते बारा महिने बाहेर असाल तर परतल्यावर नऊ स्पर्धा किंवा नऊ महिने, जे आधी संपेल ते. वर्षापेक्षा जास्त बाहेर असाल तर बारा स्पर्धा किंवा बारा महिने.

आता विचार करा. दुखापत पाच महिन्यांत बरी झाली तर काय? काहीच नाही. गुण गेलेले आहेत आणि संरक्षणही नाही. मग पाच महिन्यांनी फिट झालेला खेळाडू काय करेल? शहाणा असेल तर अजून एक महिना घरी बसेल. उलट घाबरट सल्लागार मिळाला तर चौथ्याच महिन्यात अर्धवट बरा होऊन खेळेल, परत दुखावून घेईल, आणि सहा महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. थोडक्यात, "कधी परतायचं" हा प्रश्न फक्त डॉक्टरांचा राहत नाही, नियमातली तारीखही त्यात येऊन बसते.

आणि त्या नऊ स्पर्धा कुठे वापरायच्या? हे कुपन कुठे फाडायचं तसं आहे. बहुतेक जण ग्रँड स्लॅमसाठी राखून ठेवतात. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही १,२०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. ऑपरेशननंतर महिनोन्महिने कमाई नसलेल्या माणसाला हा आकडा काय वाटत असेल!

याच कारणामुळे पूर्वी लोक दुखापत लपवून कोर्टवर उतरायचे, दोन-चार गेम खेळायचे, सोडून द्यायचे आणि चेक घ्यायचे. २०१८ पासून ग्रँड स्लॅमने यावर उपाय काढला. स्पर्धेच्या ठिकाणी येऊन, वेळेत माघार घेतली तर पहिल्या फेरीच्या बक्षिसातली निम्मी रक्कम मिळते. उरलेली निम्मी त्याच्या जागी येणाऱ्या लकी लूझरला. मला हा नियम फार आवडतो. "प्रामाणिक राहा" असं सांगण्याऐवजी त्यांनी प्रामाणिक राहणं परवडेल अशी सोय केली.

दुसरी खिडकी: प्रवास, व्हिसा आणि पैसा

सप्टेंबर २०२३ मध्ये नागलने पीटीआयला मुलाखत दिली आणि ती बातमी सगळीकडे फिरली. त्याच्या बँक खात्यात ९०० युरो उरले होते. देशाचा नंबर एकचा एकेरी खेळाडू! आणि त्याच मुलाखतीत त्याने खर्चही सांगितला होता. फक्त एक कोच घेऊन वर्षभर फिरायचं तर ८० लाख ते १ कोटी रुपये. यात फिजिओ धरलेला नाही.

हे परत वाचा. खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस फिजिओशिवाय फिरत होता, कारण फिजिओ परवडत नव्हता.

टेनिसचा प्रवास आपल्या ट्रिपसारखा नसतो. बुकिंगच करता येत नाही नीट. मंगळवारी हरलात तर बुधवारी मोकळे, जिंकत राहिलात तर रविवारी फायनल. आणि पुढची स्पर्धा सोमवारी, दुसऱ्याच शहरात. म्हणजे परतीचं तिकीट नेहमी बदलता येण्याजोगं, अर्थात महागडं. चांगलं खेळण्याची शिक्षा म्हणून विश्रांती कमी. शिवाय एंट्री आधी द्यावी लागते. ग्रँड स्लॅमला साधारण सहा आठवडे आधी, टूरच्या इतर स्पर्धांना साधारण चार. सहा आठवड्यांनी आपला खुबा कसा असेल हे आज सांगायचं. आमच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजर अशीच डेडलाइन मागतात, पण चुकली तर निदान शरीरात कुठे कळ येत नाही.

आणि भारतीय पासपोर्ट. शेंगेन व्हिसाचा नियम बऱ्याच जणांना माहीत असेल: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचं. ही झाली दुसरी सरकती खिडकी. युरोपातला क्ले सीझन एप्रिलमध्ये सुरू होतो आणि तिथल्या क्लेवरच्या चॅलेंजर स्पर्धा पुढे जुलै-ऑगस्टपर्यंत चालतात. म्हणजे नुसत्या अशा व्हिसावर जाणाऱ्या भारतीय खेळाडूचे दिवस सीझन संपायच्या आधी संपतात. जर्मन किंवा स्पॅनिश खेळाडू हरला की कारने घरी जातो, दुखत असेल तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातो. आपल्याकडचा हरला की हॉटेलमध्ये बसून पैसे आणि दिवस मोजतो.

नागल यावर उपाय म्हणून जर्मनीत पाइने नावाच्या गावातल्या अकॅडमीत सराव करत होता. तळ युरोपात, त्यामुळे प्रवास कमी. पण घर लांब. आणि व्हिसाची कटकट काही सुटली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या वाइल्ड कार्डसाठीची आशिया-पॅसिफिक प्लेऑफ चीनमध्ये होती, आणि आपला व्हिसा नाकारला गेल्याचं त्याने सोशल मीडियावर जाहीर केलं. पुढे प्रश्न सुटला आणि तो खेळला. पण स्पर्धेच्या तोंडावर त्याचं डोकं कुठे असेल, तुम्हीच सांगा.

इथेच बालेवाडीच्या स्पर्धेचं महत्त्व कळतं. २०१८ ते २०२३ पुण्यात एटीपी टूरची स्पर्धा होती. घरच्या स्पर्धेत व्हिसा नाही, लांबचा विमानप्रवास नाही, आणि वाइल्ड कार्डची शक्यता. ती गेल्यावर आता आपल्या खेळाडूंना फेब्रुवारीच्या आसपास भारतात होणाऱ्या चॅलेंजर स्पर्धाच उरल्या.

तिसरी खिडकी: शरीराची

तिसरी खिडकी सगळ्यात लहान आणि सगळ्यात कडक. स्पोर्ट्स सायन्समध्ये एक कल्पना आहे: मागच्या सात दिवसांत शरीरावर पडलेला भार आणि मागच्या चार आठवड्यांचा सरासरी भार यांची तुलना करायची. एकदम उडी मारली तर धोका वाढतो. हे गुणोत्तर नक्की किती विश्वासार्ह आहे यावर संशोधकांचे वाद आहेत, पण मूळ मुद्दा कुठलाही फिजिओ सांगेल. शरीर भाराला सरावतं, फक्त हळूहळू.

त्यातही प्रत्येक भागाचा वेग वेगळा. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तो लवकर भरून येतो. स्नायू हाडाला जोडणारा टेंडन सावकाश. खुब्याच्या वाटीची कडा, कूर्चा, मनगटातली कूर्चा यांना रक्त फार कमी पोचतं, त्यामुळे ते भाग सगळ्यात मंद. गंमत म्हणजे स्टॅमिना आधी परत येतो, त्यामुळे खेळाडूला वाटतं आपण तयार आहोत. मन तयार, दम तयार, कूर्चा मात्र तयार नाही.

वरून कोर्ट बदलत राहतं. २०२४ चा उन्हाळा बघा: क्लेवरून विम्बल्डनच्या गवतावर, तिथून परत क्लेवर, कारण पॅरिस ऑलिंपिकचं टेनिस रोलाँ गारोसला होतं, आणि मग अमेरिकेच्या हार्ड कोर्टवर. क्लेवर घसरत थांबायचं, गवतावर गुडघे वाकवून खाली राहायचं, हार्ड कोर्टवर प्रत्येक ब्रेक थेट सांध्यावर. नागल त्या वर्षी विम्बल्डन, ऑलिंपिक आणि यूएस ओपन तिन्ही खेळला. सप्टेंबरमध्ये पाठदुखीमुळे स्वीडनविरुद्धच्या डेव्हिस कप लढतीतून त्याने माघार घेतली.

तिन्ही खिडक्या एकत्र जुळल्या तेव्हा

पण त्याच २०२४ ची सुरुवात बघा. क्रमवारी १३७. मेलबर्नला पात्रता फेऱ्या जिंकून मुख्य फेरीत आला आणि ३१ वं मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा १९८९ मधल्या रमेश कृष्णननंतरचा पहिला भारतीय पुरुष. दुसऱ्या फेरीत हरला, पण १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे कर जायच्या आधी साधारण ९८ लाख रुपये. आठवतंय ना वर्षाचा खर्च किती? एका विजयात एक वर्ष निघालं.

मग फेब्रुवारीत तो भारतात आला आणि चेन्नईचं चॅलेंजर जिंकला. हार्ड कोर्टवरून हार्ड कोर्टवर, व्हिसाचा प्रश्न नाही, १०० गुण, आणि क्रमवारी ९८. जुलैपर्यंत ६८. मधे मार्चमध्ये इंडियन वेल्सला तो लकी लूझर म्हणून मुख्य फेरीत गेला. कोणाच्या जागी? नदालच्या, ज्याने ऐन वेळी माघार घेतली होती. टेनिसमध्ये एकाची दुखापत ही दुसऱ्याची संधी असते, हे ऐकायला वाईट वाटतं, पण ड्रॉ तसाच चालतो.

आता खिडकी एक वर्ष पुढे सरकवा. जानेवारी २०२५, मेलबर्न, पहिल्या फेरीत टोमास माचाचकडून हार. मागच्या वर्षीचे गुण बाहेर, हातात १०. तो पहिल्या शंभरातून बाहेर पडला. खेळ एका रात्रीत बिघडत नाही. पण खिडकी खेळ बघत नाही, तारीख बघते.

एक चांगली गोष्टही सांगतो. एटीपीने २०२४ पासून बेसलाइन नावाची योजना आणली. पहिल्या शंभरातल्या खेळाडूला वर्षाला किमान ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ ला दीड लाख आणि १७६ ते २५० ला ७५ हजार डॉलरची हमी, आणि दुखापतीमुळे फार कमी स्पर्धा खेळलेल्यांसाठी वेगळं संरक्षण. अटी आहेत, पण कल्पना योग्य आहे: थांबणं परवडलं तर लोक वेळेत थांबतील. फक्त बालेवाडीत मी पाहिलेला पाचशेच्या पलीकडचा नागल या यादीत कुठेच बसला नसता.

नाशिकच्या काकांसाठी

काका, आता तुमचं गणित.

तुमच्या मुलीवर तीनपैकी एकच खिडकी खरी चालू आहे, शरीराची. क्रमवारीची आहे, पण त्यावर तिचं घर चालत नाही. व्हिसाची तर नाहीच. नागलला थांबायचं की नाही याचा विचार करताना घरभाडं, कोचचा पगार आणि दारं बंद होण्याची भीती एकदम समोर होती. ती भीती खरी होती. तुमच्याकडची भीती त्याच शब्दांत येते, पण रक्कम तेवढी नाही. ज्युनिअर गुण परत मिळवायला तिच्याकडे वेळ आहे. मनगटाला दुसरी संधी तेवढ्या सहज मिळत नाही, आणि या वयात हाडं अजून वाढत असू शकतात, म्हणून फिजिओंबरोबर एकदा हाडांच्या डॉक्टरांनाही जरूर दाखवा.

कोचना चुकीचं ठरवू नका, ते सिस्टिम जशी आहे तशी वाचतायत. तिघं एका टेबलावर बसा आणि कॅलेंडर उलटीकडून भरा. आधी पूर्ण ताकदीने खेळायचा आठवडा ठरवा. त्याच्या मागे भार हळूहळू वाढवायचे आठवडे. त्याच्या मागे फिजिओंचे सहा. मधे ज्या स्पर्धा येतील त्या आजच खोडा, पेनने. पेन्सिलने खोडलेल्या परत येतात. आणि त्या सहा आठवड्यांत पायांचं काम, फिटनेस, डॉक्टरांनी हो म्हटलेलं सगळं चालू ठेवा, म्हणजे "मी बसून आहे" असं तिला वाटणार नाही.

आणि हे सगळं ठरवताना तिला समोर बसवा. मनगट तिचं आहे.

तिला आमच्याकडून शुभेच्छा सांगा. परत खेळायला लागली की मेल करा, पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये वाचून दाखवीन. भेटूच.